मीठ का नको

बोईसरच्या बाजारात खाऱ्या मासळीचा वास आला की मला नर्सिंगचं दुसरं वर्ष आठवतं आणि आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या सरांची किळस येते.

वॉर्डात दातिवऱ्याच्या एक कोळीण मावशी होत्या. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, आडवं झालं की धाप लागायची. शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले, "मावशी, मीठ कमी खा."

"खाईन कमी. पन का गं पोरी?"

ते आम्हाला शिकवलंच नव्हतं. खिशाला चार पेनं लावून सर राउंडला आले, तेव्हा मी विचारलं, "सर, आजारात शरीरात नेमकं काय बिघडतं, हा विषय आम्हाला वेगळा का शिकवत नाहीत?"

सर मोठ्यांदा हसले. "डॉक्टर व्हायचंय का तुला? नर्सनं सुई नीट टोचावी, चादर ताणून घालावी. कारणं कशाला हवीत?"

मावशी घरी गेल्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दाखल झाल्या. मुलगी रडत म्हणाली, "जेवनात मीठ घातलंच नाय आमी. भाकरीसंगं खारी मासळी तेवढी देत होतो."

त्या मासळीतलं मीठच अंगात पाणी धरून ठेवत होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मावशी त्या खेपेला वाचल्या नाहीत.

तेव्हा वाटायचं, सरांना सगळं ठाऊक आहे, फक्त आम्हाला सांगायचं नाही. आता पालघरला मी हाच विषय वेगळा तास घेऊन शिकवते, आणि मला खात्री आहे, त्या माणसाला स्वतःलाच तो येत नव्हता.