शाळा बघायला व्हिसा

शुक्रवार, आखातातलं सोहार. चर्चमधल्या मराठी उपासनेनंतर चहाला हजर: मी, पेटीवाले भाऊ, दोन नर्स आणि मुलाकडे पाहुण्या आलेल्या एक आजी.

आजींनी कुणी न सांगता कप विसळले आणि सगळ्यांचे कान एकाच दिशेला करून मांडले. "बोर्डिंगची सवय," त्या म्हणाल्या. त्या आणि त्यांची आई अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकल्या होत्या.

"शाळा आहे अजून?" मी विचारलं.

"पाडली. आपल्याच लोकांनी जागा बिल्डरला दिली. शाळा काढणाऱ्या मिशनरी बाईंचं अमेरिकेतलं घर मात्र जाजमासकट जपलंय. तिकडे राहणाऱ्या माझ्या लेकीने दाखवलं. तिथे भिंतीवर आमच्या शाळेचा फोटो आहे. आता शाळा बघायची तर व्हिसा लागतो, बाई."

भाऊ हसले. आजी हसल्या नाहीत.

"फोटोत पुढच्या रांगेत माझी आई आहे. खाली नाव फक्त मिशनरी बाईंचं. बाकीच्या नुसत्या विद्यार्थिनी. तुम्ही इंग्रजीत पत्र लिहून आईचं नाव घालायला सांगाल?"

मी हो म्हटलं आणि त्या घराचा पत्ता लिहून घेतला. तेवढ्यात मुलगा दारातून म्हणाला, "आई, यल्ला, चल लवकर, विमान चुकेल." त्या पदर सावरत निघाल्या.

पत्राचा मजकूर त्याच संध्याकाळी तयार झाला. नावाची जागा तेवढी कोरी आहे. त्यांनी आईचं नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वरच्या हजेरीतही त्या नुसत्या 'एक आजी' आहेत.

त्यांच्या मुलाचा नंबर अजून मिळवायचा आहे.