भिंगरीचं एक-दोन

आमच्या राधेश्यामला वाटूरमध्ये राधेश्याम म्हणून कुणी ओळखत नाही. फाट्यावर उतरून नुसतं ‘भिंगरी’ म्हणा, चहावाला हातातली किटली ठेवून घरापर्यंत सोडायला येईल. हे नाव त्याला त्याच्या लाथेनं मिळवून दिलं. समोरच्याकडे पाठ करायची, जागच्या जागी गर्रकन फिरायचं आणि फिरता फिरता टाच त्याच्या कानशिलापर्यंत न्यायची, ही त्याची खासियत. मी त्याची थोरली बहीण, साधना. फाट्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. बायका ब्लाउज टाकायला येतात, अर्धा तास भिंगरीच्या गप्पा मारतात, आणि ब्लाउज वेळेवर झालं नाही म्हणून वर माझ्यावरच ओरडतात.

तो खेळतो त्या खेळाला एमएमए म्हणतात. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडतात. ठोसे चालतात, लाथा चालतात, उचलून आपटलेलंही चालतं. मायला, म्हणजे आमच्या तुळजाबाईला, मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मंग हे तं बांधावरचं भांडण झालं. त्याला पिंजरा कशाला पाह्यजे?”

राधेश्याम अंगानं काटकुळा, वय चोवीस, केस मक्याच्या कणसासारखे पिवळे करून घेतलेले. आरसा दिसला की पाय थांबलाच. माझ्या दुकानातल्या आरशासमोर तर इतका वेळ उभा राहतो, की एकदा एका बाईनं मला विचारलं, “यांचं माप घ्यायचं राह्यलंय का?” घरात पाण्याचा तांब्या आण म्हटलं तरी हा एक गिरकी घेऊन आणणार आणि अर्धं पाणी ओट्यावर सांडणार. पुसायला मी.

ही सवय कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचे आबा, कारभारी त्यांचं नाव, कुस्तीचे भलते वेडे. जत्रेचा फड भरला की कपाशीला पाणी द्यायचं राहील, पण आबा पहिल्या रांगेत. राधेश्याम लहानपणी इतका बारीक होता, की त्याच्याशी जोड लावायला कुणी तयार होईना. लंगोट बांधून बिचारा फडाच्या कडेला उभा राहायचा आणि तसाच परत यायचा. एका वर्षी त्यानं कंटाळून कडेलाच कोलांट्या मारायला सुरुवात केली. चाललेली कुस्ती सोडून माणसं ह्याच्याकडे बघायला लागली. आबांनीसुद्धा मान वळवली. त्या दिवसापासून लोकांनी आपल्याकडे बघावं याची त्याला जी चटक लागली, ती लागलीच.

मंठ्याला बियाण्याच्या एका दुकानामागं पत्र्याचं शेड आहे. तिथं त्रिंबक सर पोरांना शिकवतात. सर फौजेत होते, तिथं बॉक्सिंग खेळायचे. ठोसे झेलायच्या गाद्या पार फाटल्यात, म्हणून सर दोन्ही हातांत रबरी चपला घालून पोरांसमोर उभे राहतात. “एक” म्हटलं की डावा सरळ ठोसा, “दोन” म्हटलं की उजवा सरळ. राधेश्यामला त्यांनी आठ महिने दुसरं काही शिकवलं नाही. तो रोज पहिल्या गाडीनं मंठ्याला जायचा आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन बोंबलायचा, “अक्का, म्हाताऱ्याला दोनच आकडे येत्यात. पाढे कव्हा शिकवणार?”

सरांचं झालं की तो शेडमागं जाऊन आपल्या गिरक्या घोटायचा. एक-दोन म्हणजे त्याच्या लेखी शाळेतली प्रार्थना होती. म्हणायची, संपवायची, मग खरा दिवस सुरू.

हळूहळू तो लढती जिंकायला लागला. सहा जिंकल्या, आणि गावात कुणाला पत्ता नाही. सातव्या लढतीत भिंगरी लागली. ती एवढीशी चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. फाट्यावर त्याचा पाय वर केलेला बॅनर लागला, ज्यावर गावातल्या चौदा जणांचे फोटो त्याच्यापेक्षा मोठे होते. तिथून पुढं त्याला दुसरं काही सुचेनाच. घंटा वाजली की हा फिरलाच. पण चित्रफीत काय फक्त वाटूरच्याच लोकांनी पाहिली होती? पुढचे तिघंही पाहून आले होते. तो फिरायला लागला की एक पाऊल मागं सरायचे आणि मग धरून आपटायचे. लागोपाठ तीन हरला.

त्यानंतरची लढत जालन्याला ठरली, एका मंगल कार्यालयात. समोर नांदेडचा एक दांडगा पोरगा. जिंकेल त्याला पुण्याला दोन वर्षं राहून शिकायला मिळणार होतं, खाणं-पिणं सगळं लढत भरवणाऱ्यांचं. आणि हरला तर काय, तेही ठरलं होतं. माझ्या नवऱ्यानं जालन्यातल्या एका स्टीलच्या कारखान्यात त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. राधेश्याम स्वतःच म्हणाला, “दाजी, हरलो तं सोमवारी बराबर कामावर हजर. परत हातात ग्लोव्ह घालणार न्हाई.” काम काही वाईट नव्हतं. पण हे बोलताना त्यानं आरशात पाहिलं नाही.

आठवडाभर आधी सर माझ्या दुकानात आले. चपला दाराबाहेर काढल्या, पायातल्या, आणि राधेश्यामला समोर बसवलं.

“सात जिंकल्यास. लाथेनं किती?”

“एक,” राधेश्याम म्हणाला.

“अन् बाकीच्या सहा?”

सरांनीच सांगितलं, “सहाच्या सहा एक-दोननं. मी सगळ्या परत परत पाह्यल्या. तू लाथ मारतू लोकायनं पाहावं म्हणून. ठोसा मारतू तव्हा कुणी पाहू न्हाई पाहू, समोरच्याला लागतो.”

“पण सर, एक-दोन तं कुणीबी मारतंय. त्यात माझं काय?”

सर चहा पिऊन गेले.

लढतीच्या दिवशी वाटूरहून दोन जीप निघाल्या. माय आली नाही. देवापुढं बसते म्हणाली, आणि तेच बरं झालं. आबा मात्र ठेवणीतला फेटा बांधून पुढच्या सीटवर. मी राधेश्यामसाठी लाल चड्डी शिवली होती, दोन्ही बाजूंना सोनेरी टिकल्यांची नक्षी. चार दिवस खपले होते त्यावर. पंचांनी ती बघितली आणि म्हणाले, टिकल्या समोरच्याचं अंग ओरखडतील, चालायचं नाही. मग काय, वधूपक्षाच्या खोलीत बसून मी कात्रीनं एकेक टिकली उसवली आणि पंचांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. चड्डी अगदी साधी दिसायला लागली. राधेश्यामचा चेहरा तिच्याहून साधा झाला.

घंटा झाली. एक मिनिट झालं असेल नसेल, आणि आमची माणसं एकदम ओरडली. बघते तर नांदेडचा उताणा पडलेला, दोन्ही खांदे गादीला टेकलेले. भिंगरी लागली होती!

आता, ह्या खेळात माणूस उताणा पडला म्हणून लढत संपत नाही. राधेश्यामला हे नियम तोंडपाठ. पण आमच्या दोन जीप माणसांना कुठं ठाऊक? त्यांनी जन्मभर जत्रेतली कुस्तीच पाहिलेली. पाठ टेकली की निकाल लागला. “चितपट!” म्हणून सगळे उभे राहिले. आबांनी फेटा काढून हवेत उडवला. आणि आबांचा फेटा उडालेला बघितल्यावर आमचा हा शहाणा सगळे नियम विसरला. ज्याला कधी कुणी फडात घेतलं नव्हतं, तो हात जोडून पिंजऱ्याभोवती फिरायला लागला. माती नव्हती, म्हणून गादीला हात लावून कपाळाला लावला. कोपऱ्यातून सर घसा फोडून ओरडत होते, “माघं पाह्य! आरं गाढवा, माघं पाह्य!”

तोवर नांदेडचा उठला होता. त्यानं मागून कमरेला मिठी मारली, उचललं आणि ह्यालाच खाली घातलं. फेरी संपेपर्यंत वरून उठला नाही.

“पाठ टेकली,” आबा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. “आपलं पोरगं हारलं. चला.”

“आबा, अजून दोन फेऱ्या राह्यल्यात!”

“पाठ टेकली ना? मंग कशाच्या फेऱ्या? उगं लाज काढून राह्यलेत पोराची.” फेटा काखेत मारून ते निघाले, आणि त्यांच्यामागं सगळं वाटूर उठून गेलं. राहिले मी एकटी.

दुसऱ्या फेरीत तो पुन्हा फिरायला गेला असणार, कारण मी बघितलं तेव्हा तो पुन्हा खाली होता. दोन्ही फेऱ्या गेल्या. आता नुसतं बरं खेळून भागणार नव्हतं, समोरच्याला थांबवावंच लागणार होतं.

मधल्या मिनिटात मी जाळीपाशी गेले. राधेश्याम स्टुलावर बसून आमच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता. “गेले व्हय सगळे?” त्यानं विचारलं. सर त्याच्यासमोर बसले, स्वतःच्या पायांतल्या चपला काढल्या आणि दोन्ही हातांत घातल्या. सगळं मंगल कार्यालय हसलं. सर हळूच म्हणाले, “एक.” राधेश्यामचा डावा हात आपोआप वर आला आणि चपलेवर टपकन वाजला. “दोन.” उजवा वाजला. “बास. एवढंच. दुसरं कायबी करू नको.”

तिसऱ्या फेरीला तो उठला आणि सरळ चालत गेला. नांदेडच्याचं सगळं लक्ष त्याच्या पायांवर. हा आता फिरणार, मग फिरणार, म्हणून तो वाकून वाट बघत होता, हात खाली. डावा सरळ त्याच्या नाकावर बसला, पाठोपाठ उजवा. तो गोंधळून मागं सरला. पुन्हा डावा, उजवा. राधेश्यामनं नुसता खांदा हलवला, फिरणार असल्यासारखा, आणि तो धरायला पुढं झेपावला. पुढं डावा उभाच होता. मग उजवा. माझ्या मशीनची सुई कशी एका ओळीत चालते, तसे ते ठोसे चालले होते. कुणी शिट्टी मारली नाही. सरांचे आकडे तेवढे ऐकू येत होते.

सातव्या की आठव्या जोडीला नांदेडच्याचे गुडघे वाकले. तो उताणा पडला. राधेश्यामनं हात जोडले नाहीत की वर केले नाहीत. हनुवटीपाशी मुठी तशाच धरून, त्याच्यावर नजर ठेवून, तो पुढं सरला. पंचांनी मध्ये पडून त्याला कमरेला धरून मागं ओढलं, तेव्हा कुठं त्याला कळलं, की झालं.

आबा गेटबाहेर चहा पीत होते. मी धावत जाऊन सांगितलं तर म्हणाले, “नांदेडच्याची पाठ तं पह्यल्याच झटक्यात टेकली व्हती. मी तव्हाच फेटा उडवला.” मग रस्त्यातच मटकन बसले आणि फेट्यात तोंड लपवून रडले. दोन जीप माणसं मात्र हळहळत होती, की पैसा वसूल लढत हुकली आणि आता व्हिडिओत बघायला भिंगरीही एकच.

राधेश्याम वधूपक्षाच्या खोलीत डोळ्यावर बर्फ धरून बसला होता. मला वाटलं नाचत असेल. तर तोंड पाडून विचारतो कसा, “अक्का, खरं सांग. कंटाळवाणं झालं का पाह्यला?”

मला असा राग आला, की दुसरा डोळाही सुजवावा. पुण्याला चाललाय आणि ह्याला हे पडलंय! पण खरं सांग म्हणाला होता, तर म्हटलं सांगूनच टाकावं.

“राधू, तुझ्या सगळ्या लढतीला मी आल्ते. एक चुकवली न्हाई. पण पाह्यली एकबी न्हाई. तू पाठ फिरवली की माझा जीव जातो. मी डोळे गच्च मिटून घेते अन् माणसं वरडली की उघडते. आज तिसऱ्या फेरीत तू फिरलाच न्हाई. पह्यल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाह्यलं मी.”

बर्फ त्याच्या हातातून गळून पडला.

“कसा दिसत व्हतो?” त्यानं विचारलं.

“लई चांगला,” मी म्हटलं. “लई चांगला दिसत व्हता.”