भरलेल्या गाडीचा जबाब

ऐंशीच्या दशकात मी मुंबईच्या पूर्व उपनगरात पोलीस उपनिरीक्षक होते. तेव्हाचा एक तपास आठवला की, नातवंडांनो, अजूनही मी हातातले काम सोडून घरात फेऱ्या मारू लागते.

कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक मुलुंडजवळ भरदुपारी पळवला गेला. साठीला आलेले ड्रायव्हर संध्याकाळी स्वतःच आमच्या पोलीस ठाण्यात आले. तिघांनी डोळे बांधून त्यांना सीटमागच्या फळीवर आडवे केले, माल कुठल्याशा गोदामात उतरवला आणि रिक्षाने आणून घाटकोपरला सोडले, असा त्यांचा जबाब.

तेवढ्यात आमच्या खबऱ्याने सांगितले, माल म्हाताऱ्यानेच विकला. वरिष्ठांनी त्यांना अटक केली, घराची झडती घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात हजर करायचे होते. चोरीचा शिक्का बसला की या वयात त्यांना कोणी गाडी देणार नव्हते.

मी पुन्हा पुन्हा विचारले, कोणता रस्ता, कोणता नाका? ते सांगत, चढाला गाडी सेकंड गिअरवर आली, मग लांब उतार. मी ‘उडवाउडवीची उत्तरे’ अशी नोंद केली.

तरी सकाळी, जवळचा मोठा चढ तिथलाच म्हणून, त्यांना जीपमधून पवईच्या रस्त्याने फिरवले. काहीच ओळखेनात. हवालदार हसला, "काय मामा, माल हरवला की रस्ता?"

ते माझ्याकडे वळले. "बाई, जीपला सगळे चढ सारखेच. मला भरलेल्या गाडीत घाला. डोळे बांधा."

कोर्टाची वेळ जवळ येत होती. ट्रकमालकाकडून तेवढाच लोड भरलेला दुसरा ट्रक आणला. दुसरा ड्रायव्हर चालवायला, मामा डोळे बांधून फळीवर. पवईच्या चढाला इंजिन घुरघुरले, गाडी सेकंड गिअरवर आली. "हां, हाच." साकीनाक्यापलीकडच्या एका गल्लीत मात्र ते म्हणाले, "मागं घ्या. वळताना मागचं चाक उचललं पाहिजे."

अलीकडच्या गल्लीत चाक दगडावर चढले. समोर गोदाम. पंचांसमक्ष कुलूप तोडले, गाठी तिथेच होत्या. गोदामवाल्याने तिघांची नावे दिली. तिसरे आमच्या खबऱ्याचे होते.

उत्तर पहिल्या संध्याकाळीच मिळाले होते. ते उत्तर आहे हे मला कळले नव्हते. पुढे कोणाचाही जबाब घेण्याआधी तो माणूस काम कसे करतो, हे मी विचारू लागले.

सुटका झाल्यावर मी माफी मागितली. ते म्हणाले, "इथं नको. झडती सगळ्या चाळीनं बघितली."

मी गणवेशातच गेले. सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असे, त्यांच्या दारात उभी राहून सांगितले, यांनी चोरी केली नाही, चूक आमची. त्यांच्या बायकोने ऐकून घेतले. चहा विचारला नाही.