चार बोटं आत

उज्वलाच्या आयुष्यात सायकल आली ती एकावन्नाव्या वर्षी, आणि आली ती झोपायची. झोपायची सायकल कसली म्हणून तुम्ही हसाल. पोलादपूरच्या अलीकडचं ते आख्खं गाव हसलंच होतं.

तिचं माहेर कुडपणचं, वर डोंगरावर. भावाला खालच्या शाळेत घातला तेव्हा बापानं त्याला सायकल घेऊन दिली. उज्वलानं नुसता हँडलला हात लावला, तर आई ओरडली, "पोरीच्या जातीला काय करायचीय गो सायकल?" विषय तिथंच मिटला. पुढं लग्न झालं तेही कोणाशी, तर ज्याचा जन्मच सायकलवर गेला अशा माणसाशी. राजेंद्र टपाल वाटायचा. तीन गावं, सात वाड्या, बत्तीस वर्षं. दसऱ्याला टपालाची सुट्टी, पण हा बाबा त्याच खाकी पिशवीत आपट्याची पानं भरून दारोदार सोनं द्यायला निघायचा. म्हातारी माणसं उंबऱ्यात बसून त्याची वाट बघायची. ज्यांच्या नावानं वर्षभर एक पत्र यायचं नाही, त्यांच्याही हातात राजेंद्र वर्षातून एकदा काहीतरी ठेवायचा.

मग एका वैशाखात फणसांची गोण उचलायला गेला आणि पाठीत कट् झालं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण सायकलच्या सीटवर वाकून बसायचं नाव काढायचं नाही असं बजावलं. राजेंद्र पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. चालायलाही जाईना. "सायकलवाल्या माणसानं त्याच रस्त्यानं पाय घासत जायचं?" म्हणायचा. त्या वर्षी दसऱ्याला त्यानं पिशवी भरली मात्र, आणि खुर्चीशेजारी ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं सुकून गेली. उज्वलानं ती गोळा करून परसात टाकली. तिनं तिथंच ठरवलं, पुढच्या दसऱ्याला हा माणूस सोनं द्यायला निघालाच पाहिजे, मग काय वाटेल ते होवो.

महाडला त्याच्या गोळ्या आणायला गेली की ती तय्यबभाईंच्या दुकानात डोकवायची. चवदार तळ्याकडं जाताना डाव्या हाताला त्यांचं सायकलचं दुकान. राजेंद्रची सायकल वीस-पंचवीस वर्षं त्यांच्याच हाताखालून गेलेली. तिचं गाऱ्हाणं ऐकून ते उठले आणि मागच्या खोलीतनं एक विचित्र धूड ढकलत घेऊन आले. मस्कतला त्यांचा मुलगा बिलाल ज्या साहेबाकडं कामाला होता, त्या साहेबानं मायदेशी जाताना देऊन टाकलेलं.

"ही बघा वैनी. पाठीला टेकण हाय. वाकायचं काम नाय. पण खोटं नाय सांगत, मी स्वतः तीनदा आपटलोय."

आरामखुर्चीला दोन चाकं लावावीत तशी ती सायकल. पाय पुढं पसरून मारायचे, पायडल पार पुढच्या चाकाच्याही वर. साखळीही पुढंच, पुढचंच चाक ओढायची. त्यामुळं पायडल, साखळी आणि हँडल सगळं एकत्र वळायचं. पाय दाबला की हँडल आपसूक वाकडं व्हायचं आणि माणूस गटारात.

"घेऊन जा," तय्यबभाई म्हणाले. "जमली तर तुमची, नाय जमली तर परत आणा."

राजेंद्र एकदाच बसला. पाच पावलांत हँडल फिरलं आणि स्वारी गवतात. पोरं खो-खो हसली. "बत्तीस वर्षं सायकल मारली, आता पाळण्यात झोपून पाय झाडू?" असं म्हणून तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.

उज्वला जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. त्यामुळं शाळेच्या फाटकाची चावी तिच्याकडं. मे महिना, शाळेला सुट्टी, मैदान कोरडं. तिनं विचार केला, ह्यांच्या पाठीला आणखी एकदा पडणं झेपायचं नाय. ही बया कुठं फेकते ते आधी आपणच बघावं. आपली हाडं शाबूत आहेत, मोडली तर मोडली. उजाडता उजाडता ती सायकल ढकलत मैदानावर जायची. गाऊन वर खोचलेला, खाली राजेंद्रची जुनी खाकी पँट. कोणी बघितलं असतं तर आठवडाभर गावाला दुसरा विषय नसता.

बाई अकरा दिवस पडली. कोपरं सोलली, गुडघा काळानिळा झाला. विचारलंच कोणी तर "चुलीजवळ घसरले" म्हणायची. पहिल्यांदा तर पायच पुरेनात. फोनवर तय्यबभाईंनी सांगितलं, "पायडलची नळी आत सरकते. दोन बोल्ट ढिले करा, साखळीखालची दांडी पण तेवढीच आत घ्या, मग आवळा. टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ झाला पायजे." राजेंद्रच्या मापाला त्यांनी नळीवर पांढऱ्या रंगाची खूण केली होती. उज्वलाचं माप त्याच्या चार बोटं आत निघालं. रोज ती नळी चार बोटं आत घ्यायची आणि घरी येण्याआधी पुन्हा पांढऱ्या खुणेवर आणून आवळायची.

बाराव्या दिवशी तिला कळलं. ताक घुसळताना काय करतो आपण? दोरीचं एक टोक ओढायचं, दुसरं सोडायचं. तसंच हे. उजवा पाय दाबला की उजव्या हातानं जरासं ओढायचं, डावा दाबला की डाव्या. घट्ट धरायचं नाही, भांडायचं नाही. आणि सायकल सुटली की हो! मैदानाला पूर्ण फेरी झाली. उज्वला एकटीच मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं ती कधी हसली होती, तिला आठवेना.

हे सगळं नवऱ्यासाठी चाललं होतं, खरंच होतं. पण लपवून काय उपयोग, त्या दिवसापासून ते थोडं तिच्या स्वतःसाठीही चाललं होतं. पावसाची उघडीप मिळाली की ती निघायची. शाळेच्या चढावर खडीत पुढचं चाक जागच्या जागीच फिरायचं, तेव्हा अंग पुढं झुकवून चाकावर भार द्यायला ती शिकली. साखळीची लाल माती पुसून थेंब थेंब तेल घालायला शिकली. राजेंद्र गोळीच्या गुंगीत सातपर्यंत झोपायचा. त्याला कशाचा पत्ता नव्हता, असं तिला वाटायचं.

गणपती गेले. दसरा तीन आठवड्यांवर आला.

"ह्या वर्षी पण पानं खुर्चीशेजारीच सुकवायची का?" तिनं सरळ विचारलं.

राजेंद्रचा चेहरा पडला. पण संध्याकाळी तो उठला, सायकलजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मागनं धर जरा."

त्याला शिकवणं महाकठीण. हँडलवर त्याची जुनी पकड, लोखंडासारखी. उज्वला मागनं धरून सांगायची, "हात ढिले सोडा. ज्या बाजूचा पाय, त्या बाजूचा हात. लांब बघा, चाकाकडं नको."

"तुला काय गो ठाऊक?"

"तय्यबभाई सांगत होते फोनवर."

"बराच बोलतो तय्यब," राजेंद्र म्हणाला आणि पुन्हा पाय मारला.

पंधराव्या दिवशी तिनं हात सोडला. तो शाळेच्या वळणापर्यंत गेला, वळला, परत आला. डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं म्हणाला. उज्वलाचा जीव सुपाएवढा झाला. आणि लगेच मनात एक वाईटसं काहीतरी हललं. सायकल एकच. ती आता त्याची झाली. ती स्वतःवरच चिडली. मेले, ह्याच्यासाठीच तर केलंस ना सगळं!

दसऱ्याच्या सकाळी राजेंद्रनं सायकल धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं झेंडूचा जाडजूड हार हँडलला बांधला. टपालाच्या सायकलला तो तसाच शोभायचा. पिशवी भरली, गळ्यात अडकवली. आळी जमली होती. उज्वला आत शिरा हलवत होती, नाहीतर तिनं बघितल्याबरोबर हार काढला असता. ह्या सायकलीचं हँडल साखळीच्या डोक्यावर येतं, हे सगळ्या गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक? राजेंद्रनं पाय मारला, हार साखळीच्या दातऱ्यात ओढला गेला, पुढचं चाक जाम. सायकल कलली. शेजारच्या महिपतीनं दंडाला धरला म्हणून माणूस वाचला.

"ऱ्हाऊंदे," राजेंद्र पुटपुटला. रंग उडाला होता. "ह्या वर्षी नको."

उज्वला उलथनं टाकून धावली. खाली बसली, पायडल उलटं फिरवलं, दातऱ्यातनं झेंडू ओढून काढला, उतरलेली साखळी एका बोटानं उचलून दातऱ्यावर चढवली. पुढचं चाक उचलून एक गरका मारला. सगळं मिनिटभरात. दोऱ्याचा शेवटचा धागा दातानं तोडताना तिच्या लक्षात आलं की आख्खी आळी आपल्या हातांकडं बघतेय.

"हार मागं बांधा," ती कोणाकडंही न बघता म्हणाली. "आणि जा. लोकं वाट बघत असतील."

राजेंद्र तिच्याकडं बघतच राहिला. मग गेला. दिवे लागायच्या वेळेला परत आला तो रिकामी पिशवी आणि तीन गावांच्या बातम्या घेऊन. कोणाची दाढ पडली, कोणाला नात झाली, कोणी गळ्यात पडून रडलं. जेवताना थांबेचना. उज्वला ऐकत होती, मधेच डोळे टिपत होती.

दुसऱ्या दिवशी ती सवयीनं लवकर उठली, पण सायकलकडं जायचं नाही असं ठरवून. त्याची वस्तू त्याला मिळाली, बास झालं. चहाचं आधण ठेवायला म्हणून निघाली, तर पडवीत दिवा. राजेंद्र खुर्ची सायकलजवळ ओढून बसला होता. हातात पाना, शेजारी पांढऱ्या रंगाची डबी. नळी आत सरकवून बोल्ट आवळत होता. जुन्या खुणेच्या चार बोटं आत नवी ओली खूण होती.

उज्वला दारातच थबकली. "कधीपासून ठाऊक हाय?"

"जूनपासून. नळीवर ओरखडे पडलेत ना इथं. माझ्या सायकलीवर दुसरं कोण बसलं तर मला कळायचं नाय व्हय?"

"मग बोललात का नाय?"

"बोललो असतो तर तू बंद केली असतीस." त्यानं बोल्टला शेवटचा पीळ दिला. मान वर केली नाही. "माझंच चुकलं गो. दारात एवढी वर्षं सायकल उभी होती, आणि तुला एकदा पण विचारलं नाय, बसतेस का म्हणून."

उज्वलानं पुढं होऊन ओल्या खुणेला बोट लावून बघितलं.

"चल, बस," तो उठत म्हणाला. "मी मागनं धरतो."

धरायची गरज नव्हती, दोघांनाही ठाऊक होतं. तरी ती बसली. त्यानं सीटच्या वरची डोकं टेकायची उशी धरली, म्हणजे वाकावं लागायचं नाही. दोघं शाळेच्या रस्त्याला लागले. ह्या सायकलीवर जोरात जाणं सोपं, हळू जाणं महाकर्मकठीण. पण तो चालत होता, म्हणून उज्वला त्याच्या पावलानं पायडल मारत राहिली. हँडल डुगडुगत होतं, सायकल रस्ताभर नागमोडी चालली होती. दीड वर्ष ज्या रस्त्यानं पायी जायला तो तयार नव्हता, तिथं तो धापा टाकत, हसत चालत होता.

"सोडू?" त्यानं वळणावर विचारलं.

"नको," उज्वला म्हणाली. "अजून नाय."