सासरा यायच्या आधी

“आता सासरा येतोय. मी भायेर जाते.”

एवढं म्हणून ती लेडीजच्या दाराचा काळा पडदा सारायची आणि माझ्या शेंगांच्या पाटीशेजारी येऊन टेकायची. आत पिक्चरचं शेवटचं रीळ चालू असायचं, बायका पदर नाकाला लावून बसलेल्या असायच्या, आणि त्या दाराची कडी जिच्या हातात, ती बाहेर माझ्या शेंगा सोलायची. दर तिसरी शेंग तिच्या तोंडात जायची, तेही सांगून ठेवते.

इंदापूरच्या आमच्या टॉकीजवर ती लेडीजची डोअरकीपर होती. तिकीट फाडून अर्धं परत द्यायची, लेकुरवाळीला पंख्याखाली बसवायची, आणि एखादा बाप्या चुकून आत डोकावला की, “हितं काय सासुरवाडी हाय व्हय तुमची?” म्हणून त्याला बाजारपेठेपर्यंत पळवायची. मी दाराबाहेर शेंगा-चहा विकायचे. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकले ती भिंतीवरच्या पोस्टरांवरून, तेव्हा माझं लिहिणं जरा मोठ्या आवाजातलं वाटेल. सांभाळून घ्या.

तर तो पिक्चर. जुना, काळा-पांढरा. पुण्याहून नव्या पिक्चरची पेटी यायची, ती कधी कधी भिगवणलाच राहून जायची. मग मालक कपाटावरून ही जुनी पेटी उतरवायचे. ज्याची होती त्यानं ती कधी परत नेलीच नाही. त्यामुळे आसपासच्या सगळ्या बायांना तो पिक्चर पाठ. बड्या बापाचा उनाड पोरगा. मोटार, सिगारेट, रोज नवी पोरगी फिरवायची. शेवटी टायपिंग करणाऱ्या एका पोरीपाशी अडकतो, लग्न करतो, आणि बाप घराचं दार लावून घेतो. मग हा माळ्याचं सोंग घेऊन आपल्याच घरात शिरतो आणि फुलझाडं सोडून बापाच्याच मिशीवर पाणी मारतो. बाया इतक्या हसायच्या की मांडीवरची पोरं जागी होऊन रडायला लागायची. शेवटी सून सासऱ्याच्या पाया पडते, त्याला पाझर फुटतो, बँड वाजतो.

सगळा पिक्चर ती दारात उभं राहून आमच्यासारखीच हसून बघायची. तिचं वाकडं होतं ते फक्त त्या शेवटाशी.

कारण तिचाही नवरा असाच. अंथुर्ण्याकडच्या बागायतदाराचा थोरला मुलगा. बुलेट, अत्तर, कपडे शिवायला बारामती. त्याच्या मागे किती पोरी होत्या ते तीच कौतुकानं सांगायची, “त्या पिक्चरातल्याला काय येतंय! आमच्या ह्यांच्यापुढं लेकरू हाय ते.” तिच्या माहेरची मेंढरं त्यांच्या रानात बसवायला आणली होती. खतासाठी कळप रानात बसवायची रीत आहे आपल्याकडे, तुम्हाला ठाऊक असेल. साहेब बुलेटवरून रान बघायला आले. ही कळपातून ओरडली, “ओ, त्यो गॉगल काढा! मेंढरं बुजत्यात!”

त्यानं काढला. “त्येच चुकलं त्यांचं,” ती म्हणायची. “उघड्या डोळ्यानं बघितलं मला.”

लग्न झालं ते दोन साक्षीदारांवर. बापानं सांगितलं, मेंढरामागची पोर उंबरा चढायची नाही. मुलगा म्हणाला, मग मीही चढत नाही. बुलेट बापाच्या अंगणात लावली, किल्ली तिलाच ठेवली आणि एसटीनं इंदापूरला आला. टॉकीजच्या केबिनच्या लोखंडी शिडीवर जो चढला, तो वीस वर्षं पिक्चरच्या मशीनचा ऑपरेटर म्हणून राहिला. गॉगल मात्र त्यानं टाकला नाही. मशीनचा प्रखर उजेड बघायला बरा पडतो म्हणायचा. लेकरू झालं नाही. तो गेला तेव्हा घरचं कुणी आलं नाही. ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दारावर हजर होती.

पुढं चार वर्षांनी, गावात केबलच्या तारा यायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. तिचा दीर जीप घेऊन टॉकीजवर आला. त्याच्या मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. पत्रिकेला हळद-कुंकू लावलेलं. म्हणाला, “वहिनी, आबांनी बोलावलंय. लई थकलेत आता. मांडवात पाया पडा त्यांच्या, म्हंजी झालं गेलं मिटलं. ऱ्हायला बी चला, खोली मोकळी हाय.”

तिला वाचता येत नव्हतं, तिनं पत्रिका माझ्याकडे दिली. “वाच.”

मी वाचली. निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मामा, आत्या. खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून सहा पोरांची लाडाची नावं, त्यातलं एक तर पाळण्यातलं.

“ह्यांचं नाव?”

“नाही गं.”

“कै. मधी बघ की. वर असतंय ते.”

कै. मध्ये पणजोबा होते, पणजी होती, एक चुलत आजोबा होते. मी तीनदा वाचलं. नसलेलं नाव वाचून काढता आलं असतं तर मी काढलं असतं.

तिनं पत्रिका दिराच्या हातात परत ठेवली. “भाऊजी, थोरल्या भावाचं नाव कुठाय?”

“छापताना ऱ्हायलं, वहिनी.”

“तुमच्या लग्नात ऱ्हायलं, दोन्ही बहिणींच्या लग्नात ऱ्हायलं. सगळ्या पत्रिका वाचून घेतल्यात मी. जिवंत व्हते तवा जिवंतात न्हाय, मेल्यावर मेल्यात न्हाय. मग कुठं हायती ते?”

“पुढच्या पत्रिकेत टाकू.”

“मग पुढच्या लग्नाला येते.”

दीर गेला, आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, “अगं जा की! पत्र्याच्या खोलीत एकटी किती दिवस काढशील? पाया पडायला काय कंबर मोडते? म्हातारं माणूस आहे. पिक्चरातली पोरगीही शेवटी पडतेच की.”

तिनं हातातल्या शेंगा पाटीत टाकल्या, सोललेल्यासुद्धा, आणि उठून गेली. पुढचे चार दिवस माझा चहा घेतला नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला पाणचट चहा माझ्यासमोर उभी राहून प्यायची. मला दिसावं म्हणून.

चौथ्या दिवशी पेटी भिगवणला राहिली आणि जुना पिक्चर लागला. पिक्चर सुरू होणार तेवढ्यात जीप आली. आबा, तिचे सासरे, स्वतः उतरले. पांढरं स्वच्छ धोतर, हातात काठी. सरळ लेडीजच्या दाराशी येऊन उभे राहिले.

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात पुढं केला. “तिकीट?”

म्हातारा थबकला. “मी कोण हाय, ठावं न्हाय व्हय तुला?”

“ठावं हाय, आबा. पर हे बायकांचं दार हाय. बाप्यांचं तिकडनं.”

शेंगा भाजताना माझा हात कढईतच थांबला. त्या तालुक्यात त्यांना कुणी रांगेत उभं केलं नसेल. म्हाताऱ्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा वरच्या केबिनकडं. मग वळले आणि खिडकीशी जाऊन रांगेत उभे राहिले. तिकीट काढलं. आत गेले.

शेवटचं रीळ लागलं. “आता सासरा येतोय,” असं त्या दिवशी ती म्हणाली नाही. नुसती येऊन माझ्याजवळ बसली. चार दिवसांनी. मी चहा पुढं केला. तिनं घेतला.

बँड वाजला, माणसं बाहेर पडली. आबा सगळ्यांच्या मागून आले. “सून पाया पडली त्येच्या,” म्हणाले. आवाजात जरब आणायला बघत होते, पण येत नव्हती.

ती उठून उभी राहिली. “पडंल की. तिचा नवरा शेजारी हुबा हाय, आबा. माझा कुठं हाय? तुमच्या तर कागदावर बी न्हाय. मी कुणाची कोण म्हणून पाया पडू?”

म्हाताऱ्यानं काठी केबिनकडं उचलली. मग विचारलं, “त्यो वरच्या खोलीत बसायचा?”

“वीस वर्षं.”

त्यांनी त्या शिडीकडं नीट पाहिलं आणि गेले.

लग्नाला दोन दिवस उरले असताना दीर पुन्हा आला, घामाघूम. “वाटलेल्या पत्रिका घरोघर जाऊन बदलायला लावल्या आबांनी. बारामतीच्या छापखान्यात आख्खा दिवस बसून ऱ्हायलोय मी.” नवी पत्रिका तिनं माझ्याकडं दिली. कै. मध्ये नाव होतं. निमंत्रकांत ‘श्रीमती’ लावून तिचंही होतं. मी मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, “परत.” मी परत वाचलं. तिसऱ्यांदा तिनं माझं बोट धरून त्या नावावर ठेवलं आणि स्वतःचं बोट त्यावर ठेवलं.

पोस्टर चिकटवायची खळ घेतली, शिडी चढली आणि केबिनच्या भिंतीवर, मशीनचा उजेड जातो त्या भोकाशेजारी ती पत्रिका चिकटवून आली.

लग्नाच्या दिवशी मी पाटी घेऊन आले तर ही दारावर उभी! तिकिटं फाडतेय!

“अगं, लग्न आज आहे ना?”

“हाय की.”

“मग गेली नाहीस?”

“आमचे हे गेल्यात की,” ती म्हणाली. “दोघं गेल्यावर दार कुणी बघायचं?”

आबा पुढच्या वर्षी गेले. ही तेव्हाही दारावरच होती. त्या दिवशी तिनं तिकिटं जरा हळू फाडली, एवढं मला दिसलं. पाया ती कधी पडली नाही.

तीही गेली आता. तापाचं निमित्त झालं, चार दिवस. टॉकीज बंद झालं, तिथं सिमेंटच्या गोण्या असतात. मध्ये एकदा मी ती शिडी चढून आले, गुडघे शिव्या देत होते तरी. खळीच्या वासानं उंदरांनी पत्रिकेच्या कडा खाल्ल्यात. नावं शाबूत आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगितलं, मग नावं का सांगत नाहीस? नाही सांगणार. जिथं छापून यायची होती तिथं आली. इथं कशाला?

परवा त्या घरच्या पुढच्या लग्नाची पत्रिका मला आली. मी मांडी घालून बसले आणि आधी कै. वाचलं. दोघं आहेत, शेजारी शेजारी. मी काही लग्नाला गेले नाही. ते दोघं गेले असतील, तो गॉगल लावून. आणि मांडवात पाया पडायची वेळ आली असेल तेव्हा ती पदर सारखा करून बाहेर येऊन बसली असेल, कुणाच्या तरी शेंगा खात.