दुर्गेची दोन राज्ये

नरडाण्याला गाडीत बसले तेव्हा फाल्गुन लागला होता. नंदुरबार मागे पडलं आणि रुळांच्या दोन्ही अंगांना पळस दिसू लागला. झाडांवर पान म्हणून नव्हतं, नुसती फुलं. समोरच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर कोंबड्यांची टोपली घेऊन बसली होती. तिनं बराच वेळ मला न्याहाळलं.

"कोठे जाई ऱ्हायनी, बाई?"

"नवापूरला. मैत्रिणीकडे."

"आनि मालक?"

"धुळ्याला असतात," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. मालक धुळ्यालाच होते, दुसऱ्या बायकोबरोबर, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून. त्यांनी मला टाकल्यावर मी बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि शिक्षिका झाले. तिथंच दुर्गा भेटली. तीही नवऱ्याच्या मारापायी माहेरी परतलेली. एकाच खोलीत राहून आम्ही एकमेकींची दुःखं इतकी सारखी वाटून घेतली होती, की कुणाचं कोणतं हे कळू नये. मग तिचं पत्र आलं: काडीमोड मिळाला, पुन्हा लग्नही केलं, ये एकदा. जायला मला दोन वर्षं लागली. सवड नव्हती असं मी तिला कळवत राहिले. खरं म्हणजे तिचं सुख बघवेल की नाही, याचीच धास्ती होती.

चिंचपाडा गेलं, नवापूर आलं. दुर्गा फलाटावर उभी होती. अंगानं भरली होती, रंग उजळला होता. मी तिच्या गळ्यात पडले आणि पहिल्यांदा पाहिलं ते तिचं नवं मंगळसूत्र.

नवापूर इंग्रजी मुलखात. तिथून थोडं पश्चिमेला गेलं की गायकवाडांचं राज्य लागतं. दुर्गेच्या आजोबांनी गायकवाडी नोकरीत असताना तिकडे जमीन घेतली, वडिलांनी तिला लागूनच इकडे घेतली. दोन्हीकडे घर, दोन्हीकडे सारा. दोन्ही सरकारं या कुटुंबाला आपले कायमचे रहिवासी समजतात. दुर्गेचं पहिलं लग्नही पलीकडच्या घरीच लागलेलं. म्हणून बडोद्याचा काडीमोडाचा कायदा झाला तेव्हा तिला तिथल्या कोर्टात उभं राहता आलं. इंग्रजी राज्यात आम्हा बायकांना तसं दारच नाही.

रात्री अण्णांकडे, म्हणजे तिच्या वडिलांकडे, नागलीची भाकरी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी जेवलो. अण्णा थकले होते. "मनू, तू मला दुर्गेसारखीच," असं ते म्हणाले आणि मला उगाच वाटलं, सारखी असते तर बरं झालं असतं.

सकाळी बैलगाडीनं पलीकडे निघालो. हद्दीवरच्या नाक्यावर जकातवाला बाहेर आला. "बेन, क्यांथी आव्यां?" (बाई, कुठून आलात?) मी धुळे म्हटल्याबरोबर त्यानं पेटी उघडायला लावली. कोयंडा सुटला, पेटी कलंडली आणि माझी विरलेली, रफू केलेली लुगडी भर रस्त्यात धुळीत पडली. दुर्गेच्या गाठोड्याला मात्र त्यानं हात लावला नाही.

"आ तो आपडां दुर्गाबेन," (या तर आपल्याच दुर्गाबाई) तो गाडीवानाला हसून म्हणाला.

मी लुगडी झटकत होते. 'आपडां' हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला. मला कुठल्या सरकारचा माणूस असं आपलं म्हणेल?

पलीकडचं घर कौलारू, लहान, दारात शेवगा. तिचे यजमान भास्करराव गावच्या शाळेत मास्तर. ते अंगणातून वाटाण्याच्या आणि पापडीच्या शेंगा घेऊन आले, आम्हांला उठू न देता चुलीवर चहा ठेवला आणि दुर्गेला म्हणाले, "तू बोलत बस. फार दिवसांनी भेटताय." एवढंच. पण मी तो चहा गार होईपर्यंत हातात धरून बसले. जेवणात पापडीचं शाक (भाजी), खिचडी आणि गोडसर कढी होती. तिघांत मीच सगळ्यांत कमी जेवले.

परतताना दुर्गेनं मला शेतातून पायवाटेनं आणलं. कपाशीची वाळकी पऱ्हाटी संपते तिथं मांडीइतका उंच हद्दीचा दगड आहे. ती त्याला टेकून उभी राहिली.

"भास्कर इथून पुढं येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझा काडीमोड या दगडापर्यंत. नवापुरात मी अजून पहिल्याचीच बायको. दुसरा घरोबा केला म्हणून तो आमच्यावर फिर्याद करायला टपलाय. दिवाळीत अण्णा तापानं फणफणले होते, मी त्यांच्यापाशी होते. तो दोन माणसं घेऊन दारात आला, बायकोला न्यायला. मी मागच्या दारानं निघाले आणि या शेतातून पळत सुटले. ते मागे होते. दगड ओलांडला आणि वळून उभी राहिले."

"मग?"

"थांबला. दगडाशी उभा राहून शिव्या दिल्या. पुढं पाऊल टाकलं नाही, इकडं मी त्याची कुणी नाही. आणि अण्णा तिकडे एकटे, पाणी द्यायला कुणी नाही."

तिचे डोळे भरले. मी तिला जवळ घेतलं. पण मनात काय आलं ते लिहिते: निदान तुझा पहिला नवरा एका ठिकाणी थांबतो. माझा नाही.

"मनू," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या काडीमोडाचंही मी वकिलांना विचारलं होतं. म्हटलं, ती आमच्याकडे येऊन राहिली तर?"

मी तिच्याकडे वळले.

"नाही म्हणाले. लग्न इंग्रजी राज्यातलं, नवरा तिकडचा. तू इथं जन्म काढलास तरी भागत नाही."

"मी कुठं विचार म्हटलं होतं तुला?" मी एवढ्या जोरात ओरडले की पऱ्हाटीतले तितर उडाले. दुर्गेनं माझा हात धरला. सोडला नाही, घर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसवताना तिनं शिदोरीला पापडीच्या शेंगा दिल्या. "पुन्हा येशील?" तिनं खिडकीशी विचारलं. "येईन," म्हटलं. गाडी हलली तेव्हा ती पदरानं तोंड झाकून फलाटाच्या कडेकडेनं भराभर चालू लागली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून असेल.

नरडाण्याहून मोटारीनं धुळ्याला पोचले. गल्लीत वळले तर माझ्या ओट्यावर मालक बसलेले.

"कुणाला विचारून गेली होतीस?"

गेली कित्येक वर्षं ते असे येतात, पाणी मागतात, चौकशी करतात, जातात. आणि मी कुलूप काढून पाणी देत आले आहे. त्या दिवशी मी किल्ली काढली नाही. गल्लीतच पेटी टेकली आणि तिच्यावर बसले.

"ऐकू येत नाही का?"

मी पेटीवरच बसून राहिले. शेजारणी दारात आल्या. ते दोनदा उठले, दोनदा बसले. दिवेलागण झाली तशी चपला घालून, पुटपुटत निघून गेले.

प्रवासानं हेवा धुऊन निघतो म्हणतात. माझा निघाला नाही. दुर्गेला दोन राज्यांत मिळून एक अख्खं घर नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी तिचं अर्धं मला मिळालं तर मी अनवाणी चालत जाईन. ते मिळणार नाही. मी दार उघडलं, आत गेले, आतून कडी लावली आणि पापडी निवडायला बसले.