छठी राहून गेलेली आई

वर्तमानपत्राची नोकरी सुटल्यावर दोन वर्षं मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका संस्थेसाठी बाळंतिणींना प्रश्न विचारायचं काम केलं. झोप लागते का, रडू येतं का, जीव द्यावासा वाटतो का. प्रश्न हिंदीत छापलेले होते.

उकव्याच्या पलीकडच्या गावातली एक गोंड मुलगी सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात होती. पहिलंच बाळंतपण. कमी वजनाचं बाळ अठरा दिवस काचेच्या पेटीत ठेवून नुकतंच तिच्याजवळ दिलं होतं. ती त्याला पाजत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वजन वाढलं नाही तर बाळ परत पेटीत जाणार होतं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला ती ‘ठीक है’ म्हणाली. मी तसंच लिहून घेतलं.

वॉर्डातली सिस्टर सीमेवरच्या राजेगावकडची, मराठी बोलणारी. कागद बघून ती म्हणाली, “ताई, तुमचा कागद म्हनते बाई चांगली हाये. मंग लेकराले जवळ काहून घेत नाही?”

मुलीची काकीसासू गावात दाईचं काम करायची. ती चार दिवस फाटकाबाहेर बसून होती. बाहेरच्या दाईला आत सोडायचं नाही, असा चौकीदाराला हुकूम होता. मी चहाला गेले तेव्हा तिच्याजवळ बसले. आधी तिनेच मला विचारलं: माहेर कुठलं, मुलं किती, बाळंतपणात जवळ कोण होतं. मी सांगितलं. मग ती बोलली. त्यांच्या गावात नाळ गळल्यावर दाई आई-बाळाला न्हाऊ घालते, छठीचा विधी करते. तोवर बाळंतिणीच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. या बाळाची नाळ दवाखान्यात गळली आणि केरात गेली. छठी झालीच नाही. आपला हात लागला तर बाळाचं वाईट होईल, असं मुलीने मनात धरलं होतं.

“अभी वो न घर की है, न बच्चे की,” दाई म्हणाली. “उसको वापस तो लाओ.”

मी हे सिस्टरला सांगितलं. ती डॉक्टरांना विचारायला उठली. जाताना म्हणाली, “आमच्यात बी पाचवी पुजतेच ना.” डॉक्टरांनी परवानगी दिली, पण धूर नको, बाळाच्या नाकात तेल नको. दाईने ते मान्य केलं. वॉर्डामागच्या मोरीत तिने मुलीला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, बाळाला ओल्या फडक्याने पुसलं, मनगटाला काळा दोरा बांधला. मग मुलीच्या हाती लोटा दिला आणि तिच्या हातून घोटभर पाणी प्याली.

मुलीने बाळ घेतलं. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, मग पदराखाली धरलं.

त्या दुपारी दाई तिचे पाय चोळत होती. मी जीव देण्याचा प्रश्न दाईला सांगितला आणि तिने तो गोंडीत विचारला. यावेळी उत्तर लांबलं. आदल्या आठवड्यात मुलगी दोनदा गच्चीच्या दारापर्यंत जाऊन आली होती. मी कागदावरचं उत्तर खोडलं आणि डॉक्टरांना बोलावलं. दाई शेजारी असेल तर त्यांच्याशीही बोलेन, असं मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर दुसरा चौकीदार होता. दाई पुन्हा बाहेरच बसलेली. दाईला आत सोडायचं ठरलंय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर डॉक्टर मुलीशी बोलायला येऊन थांबले होते, दाईवाचून ती गप्प होती. मी चौकीदाराला पहिल्यापासून सांगायला लागले.